गोधडीचा हिशेब

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेच्या बिलावर झाले. आता आम्ही गोधडीवर बोलणार आहोत. मागच्या बाजूला काही भाऊ हसले, ते दिसले. हसायला हरकत नाही. पण कापूस पिकवणाऱ्याच्या घरातले अंथरूण-पांघरूण हा विषय कापसाच्या चळवळीने घ्यायचा नाही, तर मग कोणी घ्यायचा?

उलंगवाडी झाली, रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली, कडबा रचून झाला, की आपल्या गावात एक काम आपोआप सुरू होते. त्याला कोणाची सूचना लागत नाही. दुपारची भांडी घासून झाली, की कडुलिंबाच्या सावलीत किंवा ओसरीवर एक जुने पातळ पसरले जाते. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार पाटे-वरवंटे, नाहीतर चार लेकरे बसवायची. मग गाठोडी सुटतात. कोणते पातळ आत घालायचे, कोणते वर ठेवायचे, यावर सासू-सुनेचे एकमत होत नाही आणि त्यात दोघींनाही मजा असते. शेजारीण सुई घेऊन येते. म्हाताऱ्या आजीला सुईचे नाक दिसत नाही, म्हणून नातवंडांनी एका वेळी दहा सुया ओवून ठेवायच्या. कडेने टाका घालत आत आत यायचे. चौघी चार बाजूंनी निघतात आणि मधे येऊन भेटतात.

आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा बायांना कामात पाहतो. निंदण, वेचणी, पाणी, सरपण, चूल. या सगळ्या कामात त्यांचे लक्ष सूर्याकडे असते, की कधी मावळतो. गोधडी शिवताना आम्ही त्यांना सूर्याकडे पाहताना पाहिले नाही. उलट अंधार पडला म्हणून चरफडताना पाहिले आहे.

शेती शिकताना आम्हाला जमीन ओळखायला शिकवले ते खड्डा खणून. पुरुषभर खड्डा काढायचा, आत उतरायचे आणि थर वाचायचे. वरची काळी, खाली चुनखडी, त्याखाली मुरूम. जुनी गोधडी उसवली तर तिचीही अशीच वाचणी करता येते. तळाशी आजीचे नऊवारी लुगडे, सुती, जाडेभरडे, हाताला मऊ लागणारे. त्याच्यावर आईचे सहावारी, अर्धे सुती अर्धे टेरिलीन. आणि सर्वात वर सुनेची साडी, पुरी पॉलिस्टरची, रंग अजून झगझगीत. तीन थरांत तीन पिढ्या झाल्या, आणि तिन्ही पिढ्यांत घराने कापूसच पेरला. कापूस शेतातून बाहेर जात राहिला आणि घरात येणारे कापड मात्र कापसाचे राहिले नाही.

१९८५ साली केंद्र सरकारचे नवे वस्त्रधोरण आले, तेव्हा कृत्रिम धाग्याला मोकळे रान दिले म्हणून आपल्या चळवळीने राजीवस्त्रांची होळी केली होती. इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना ते आठवत असेल. कोणी अंगातला टेरिकॉटचा सदरा काढून टाकला होता. आमचे मत आजही हेच आहे, की धाग्यांच्या कर-जकातीत कापसाशी दुजाभाव नको. पण त्यासाठी घरातल्या बाईला दोष देऊ नका. पॉलिस्टरची साडी स्वस्त मिळते, रात्री धुतली तर सकाळी वाळलेली असते, पिळायला हलकी, आणि वर्षानुवर्षे विरत नाही. जिच्या डोक्यावर पाण्याचा हंडा आहे तिने ही साडी निवडली, तर तिने चोख हिशेब केला. फक्त गोधडी तेवढी फसली. पॉलिस्टर घाम टिपत नाही, थंडीत गार लागते आणि सुई पाचव्या थरात अडते.

आता थोडी आकडेमोड. सुती साडीचे वजन साधारण अर्धा किलो. कातणी-विणकामातली घट धरून तिला ६०० ग्रॅम रुई लागते. म्हणजे आपला कापूस, सरकीसकट, सुमारे पावणेदोन किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. तो पुरा हातात पडला असे समजा, तरी एका साडीमागे आपल्या घरी १४० रुपयांच्या आसपास येतात, आणि त्यात सरकीचेही आले. दुकानात तीच साडी काय भावाने मिळते ते तुमच्या घरच्या लक्ष्मीला विचारा. तिला पाठ असते.

दुसरा हिशेब टाक्यांचा. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब गोधडी घ्या. बोटभर अंतराने, म्हणजे दोन सेंटीमीटरवर धावदोऱ्याच्या रांगा. एकूण दोरा चालतो १५० मीटर. सेंटीमीटरला एक टाका धरला तर १५ हजार टाके. पाच थरांतून मिनिटाला दहा टाके काढणारी बाई सराईत म्हणायची, आणि तिलाही नुसत्या टाक्यांचे २५ तास लागतात. धुणे, उसवणे, कापणे, थर लावणे हे वेगळे.

हे तास कोणी मोजत नाही, कारण ते 'घरचे' असतात. भावांनो, 'घरचे' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. घरचे शेणखत, घरचे बैल, घरची माणसे. घरचे म्हणून त्याचा खर्च शून्य, हाच हिशेब लावून आपल्या कापसाचा आणि ज्वारीचा उत्पादनखर्च वर्षानुवर्षे कमी दाखवला गेला. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा म्हणून आपण रस्त्यावर बसलो. मग आपल्याच ओसरीवर बसलेल्या बाईचे २५ तास आपण कोणत्या वहीत लिहितो? नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखांनी जमलेल्या बायांनी हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवला होता.

अलीकडे गावात शहरातून मंडळी येतात. गोधडी त्यांना फार आवडते. बचतगटाच्या बायांना म्हणतात, तुमच्या फावल्या वेळात शिवा, आम्ही विकतो. व्यापाराला आमचा विरोध नाही, कधीच नव्हता. शेतकऱ्याच्या घरातला माल दूरच्या बाजारात जावा हेच आपण मागत आलो. पण समजा शिलाईचे ५०० रुपये देऊ केले, तर २५ तासांनी भागा. तासाला २० रुपये. तीच बाई कापूस वेचायला गेली तर याहून जास्त घेऊन येते. तेव्हा बायांनो, विकायची असेल तर भाव आपण सांगायचा. कापड, दोरा, तास, डोळ्यांची झीज, सगळे लिहून मग आकडा बोलायचा. गिऱ्हाईक उठून गेले तर जाऊ द्या. कापूस घरात ठेवून चालत नाही, हप्ते थांबलेले असतात. गोधडी मात्र ठेवली तर पांघरायला होते. आपल्या घरातला हा एकच माल असा आहे, की नाही विकला म्हणून नुकसान होत नाही.

आणि विकायची नसेल तर तिचा भाव विचारायचाच नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेले दुपटे, झबले-टोपडे, कुंची. जागलीला जाणाऱ्यासाठी शिवलेली जाड वाकळ. यात बाई आपल्या मनाची मालक असते. रंग तिचा, टाका तिचा, कधी थांबायचे ते तिच्या हातात. दिवसातल्या बाकी कोणत्या कामात तिला ही मुभा आहे, याचा विचार घरी गेल्यावर करा.

बापयांनी एवढ्यात सुटल्यासारखे समजू नये. तुमच्याही हातांना पूर्वी असे काम होते. कापसात अंबाडीची काकरे असायची. अंबाडी कापून डोहात कुजवायची, वाख सोलायचा, धुऊन वाळवायचा आणि पोळ्याच्या आधी पारावर बसून कासरे, चऱ्हाटे वळायची. तुराट्यांची कणगी विणायची, बाज विणायची. नायलॉनचा दोर आला, तो टिकतो, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण दोर वळताना पारावर जे बोलणे व्हायचे ते आता पानटपरीवर होते, आणि त्याचा दर्जा तुम्ही जाणता.

आता एक सूचना. ही सक्ती नाही आणि स्वावलंबनाचा उपदेशही नाही. घरापुरते सूत कातून शेतकरी कर्जमुक्त होईल असे आम्ही म्हटलेले नाही, म्हणणारही नाही. सूचना हौसेची आहे.

गादीला चांगला कापूस म्हणजे आपला जुना देशी. धागा आखूड आणि जाड, म्हणून कातायला कमी प्रतीचा. पण त्याच गुणाने गादीत दबून बसत नाही, पिंजला की पुन्हा फुलतो. संकर-४ आला, मग नांदेड-४४, मग २००२ नंतर बीटी, आणि देशी कापूस शिवारातून जवळजवळ गेला. आज कापूस पिकवणाऱ्याच्या घरात फोमची गादी आहे. कोरडवाहूत हेक्टरी १० क्विंटल धरले तर गुंठ्याला १० किलो कापूस होतो. एका गादीला आठ ते दहा किलो रुई लागते, म्हणजे पंचवीस-अठ्ठावीस किलो कापूस. तीन गुंठ्यांत एक गादी. शेजारी बीटी असला तरी भेसळीची भीती नाही, कारण देशीची गुणसूत्रे २६ आणि अमेरिकन कापसाची ५२. दोघांचा सहजासहजी संकर होत नाही. तुडतुड्यांना देशी चांगला तोंड देतो. बोंडअळीला मात्र देत नाही, तेव्हा लक्ष ठेवावे लागेल. आणि बोंड फुटले की वेचणी लांबवू नका, देशी कापूस गळून मातीत पडतो.

अकोला आणि परभणी या दोन्ही कृषी विद्यापीठांनी देशीचे वाण काढलेले आहेत. ज्यांना तीन गुंठे द्यायचे आहेत त्यांनी सत्र संपल्यावर मंडपाच्या डाव्या बाजूला नावे द्यावीत. बियाणे एकत्र मागवू. चार-पाच गावांचा कापूस एकत्र झाला, तर जिनवाला वेगळा काढून देईल का, हे आम्ही बोलून घेतो. नाव लिहिताना एक अट आहे: ते तीन गुंठे कोणते, हे घरातल्या बाईने ठरवायचे आणि नावही तिचेच लिहायचे. ज्यांच्याकडे अंबाडीचे बी शिल्लक असेल त्यांनी पुढच्या बैठकीला मूठभर आणावे.