कैद्याच्या घरची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषण करण्याचा मला सराव नाही. चिटणीसबाईंनी आग्रह केला तेव्हा मी म्हटले, लोणच्यामसाल्याचे विचारा, ते सांगते. पण त्या म्हणाल्या, "कोर्टात आणि तुरुंगावर तुम्ही बायकांबरोबर ज्या खेपा घातल्या, त्यांचेच सांगा. ते दुसऱ्या कोणाला सांगता यायचे नाही." विषय आनंदाच्या दिवशी बोलण्याजोगा नाही, हे मला कळते. पण असे संकट काही मुहूर्त पाहून येत नाही, आणि आले म्हणजे विचारायला कोणी सापडत नाही. म्हणून जे पाहिले, जे शिकले, ते आपणांसमोर ठेवते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. बोल खरा आहे. पण पायरी चढावी की न चढावी हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. २०२३ साली माझ्या धाकट्या जावेचा मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात पकडला गेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याने काय केले, काय नाही, हे कोर्ट ठरवील. ते मी ठरवणार नाही. ज्याला मार लागला त्यालाही आई आहे, याचा मला विसर पडलेला नाही. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. मुलाचा निकाल लागायचा होता, तरी त्याच्या आईला मात्र शिक्षा लागून चुकली होती. नळावर बाया तिला पाहून गप्प होऊ लागल्या. धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबली. त्या संक्रांतीला तिला हळदीकुंकवाचे एकाही घरचे बोलावणे आले नाही. कोणाचे नाव घेऊन मी हे सांगत नाही. समाजाची रीतच तशी पडली आहे.

आपल्याच मुलखात तुरुंगाला एके काळी मान होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. पुणे करार १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगातच झाला. त्या काळी घरचा माणूस आत गेला तर शेजारी त्या घराकडे आदराने पाहत. आजचा कैदी देशासाठी आत गेलेला नाही, हे उघडच आहे. त्याला मान द्या असे मी म्हणत नाही. पण त्याच्या आईने, बायकोने, पोरांनी कोणता गुन्हा केला?

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. तुरुंगात असलेली सारीच माणसे शिक्षा झालेली नसतात. ज्यांचा खटला अजून चालायचा आहे त्यांना कच्चे कैदी म्हणतात. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतली तीन! यांतील जो निर्दोष ठरेल त्याचे आत गेलेले दिवस कोणी परत देत नाही.

आता कामाचे सांगते.

घरचा माणूस पकडला गेला म्हणजे पहिल्या दिवशी रडारड होते आणि महत्त्वाचे तास निघून जातात. म्हणून प्रथम हे विचारावे : कोणत्या पोलीस ठाण्याने नेले, गुन्ह्याचा नंबर काय, कोणती कलमे लावली. अटकेचे कारण अटक झालेल्या माणसाला सांगितलेच पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, असे आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. अटकेची खबर घरच्याला अथवा ओळखीच्या माणसाला द्यावी, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली बसू खटल्यात घालून दिले आहे. हे ठाऊक असले की ठाण्यावर बोलताना पाय लटपटत नाहीत. आरडाओरडा करू नये. कागद मागावा, नंबर टिपून घ्यावा. त्या माणसाला मधुमेह, फेफरे, दमा असे काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जावे आणि कोर्टात वकिलामार्फत तेही सांगावे, म्हणजे आत औषध चालू राहते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून पुष्कळ घरे हातपाय गाळतात. भगिनींनो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. बाईमाणसालाही आहे, मग तिची मिळकत काहीही असो. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज करायचा. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते. फुकटचा वकील म्हणजे कुचकामी, असे मला पुष्कळांनी सांगितले. माझा अनुभव असा की, वकील कोणताही असो, घरचे माणूस कागद घेऊन वेळेवर समोर उभे राहिले तर तो लक्ष घालतो. ज्याचे कोणीच येत नाही त्याची फाईल तळाशी जाते.

पोलीस कोठडी संपली की कोर्ट न्यायालयीन कोठडी देते, म्हणजे माणसाची रवानगी तुरुंगात होते. कोणत्या तुरुंगात, ते कोर्टातच विचारून घ्यावे. भेटीला तिथे मुलाकात म्हणतात. जाताना आपले आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स न्यावी. कैद्याचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव कागदावर जसे असेल तसेच सांगावे. माझ्या जावेने घरचे लाडके नाव सांगितले आणि "असा कैदी इथे नाही" असे उत्तर ऐकून ती पायरीवर मटकन बसली. दिवस, वेळ, किती जणांना सोडतात, हे दाराशी फळ्यावर लिहिलेले असते. तेच खरे धरावे, कारण नियम तुरुंगागणिक आणि वेळोवेळी बदलतात. आता ई-मुलाकात म्हणून मोबाइलवरही नाव नोंदवता येते आणि घरबसल्या तोंड पाहून बोलता येते. आपल्याला ते जमत नसेल तर शाळाकॉलेजातल्या मुली पाच मिनिटांत करून देतात.

भेट म्हणजे मधे जाळी नाही तर काच, आणि हाती मोजकी मिनिटे. पहिल्या भेटीत माझी जाऊ आणि तिचा मुलगा दोघेही नुसती रडली आणि वेळ संपली. दुसऱ्या खेपेस मी तिला म्हटले, "तीन गोष्टी बोटांवर मोजून ठेव : प्रकृती कशी आहे, पुढची तारीख कोणती, आणि घरचे एक सुखाचे वर्तमान." खटल्याची बारीकसारीक चर्चा तिथे करू नये, ती वकिलाजवळ करावी. घरचा डबा तसाच आत घेत नाहीत. कपडे, साबण काय चालते ते आधी विचारून न्यावे, नाही तर पिशवी तशीच परत येते. पैसे मनीऑर्डरीने पाठवता येतात, ते त्याच्या नावावर जमा होतात आणि आतल्या कँटीनमधून त्याला वस्तू घेता येतात. त्याला मर्यादा असते, ती विचारून घ्यावी.

इथे एक सावधगिरीचे सांगते. दाराबाहेर गोड बोलणारी माणसे भेटतात. "ताई, साहेब माझ्या ओळखीचे आहेत, आत चांगली जागा देववतो," असे म्हणून अशाच एकाने माझ्या जावेकडून दोन हजार रुपये नेले. तो पुन्हा दिसला नाही. पैसे द्यायचे ते पावती घेऊनच.

आणि पत्र लिहा! हे मी कळकळीने सांगते. भेट मिनिटांत संपते, पत्र उशाशी राहते. तुरुंगातले अधिकारी पत्र वाचतात, म्हणून त्यात घरचेच लिहावे. माझ्या जावेला लिहिण्याची सवय नव्हती. ती सांगे आणि तिची मुलगी लिही. तुळशीला मंजिऱ्या आल्या, आजीचा गुडघा बरा आहे, तुझी सायकल पुसून ठेवली आहे. मुलगा सुटून आला तेव्हा ती सारी पत्रे त्याच्या पिशवीत होती, घड्यांवर फाटलेली. तो म्हणाला, "काकी, माझ्या बराकीत काही जणांना कधीच पत्र येत नसे. ते माझी पत्रे वाचायला मागत."

आता जामीन. कित्येकदा जामीन मंजूर होतो, पण जामीनदार नाही म्हणून माणूस आतच राहतो. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याचा असाच खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालेना. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाला झेपेल असाच जामीन असावा, असा निकाल दिला. तेव्हा रक्कम झेपत नसेल तर गप्प बसू नये. रक्कम कमी करावी अथवा जातमुचलक्यावर सोडावे, असा अर्ज वकिलाला करायला सांगावे. सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांच्या जामिनासाठी साहाय्याची योजनाही काढली आहे. तिची चौकशी करावी.

दोन मुदती वहीत लिहून ठेवा. अटकेनंतर पहिल्यांदा कोर्टाने कोठडी दिली त्या दिवसापासून साठ दिवसांत, आणि मोठ्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. मात्र दोषारोपपत्र येण्याच्या आत अर्ज केला पाहिजे. दुसरी अशी की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही, आणि अनेक खटले असतील त्यालाही नाही. हे दिवस मोजायचे कोणी? तुरुंगात हजार माणसे असतात. आपल्या माणसाचे दिवस आपणच मोजले पाहिजेत.

आतापर्यंत मी बायकांबद्दल बोलले त्या दाराबाहेर उभ्या असतात. पण बाईच आत असेल तर? पुरुष आत असला म्हणजे आई येते, बायको येते, बहीण येते. बाई आत असली म्हणजे पुष्कळदा कोणीही येत नाही. नवरा तोंड फिरवतो, माहेर म्हणते ती आम्हाला मेली. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते. त्याहून मोठी पोरे बाहेर कोणाच्या दारी वाढतात, याची चौकशी कोण करतो? अशा मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारले तर माहिती मिळते. मुलांना "बाबा परगावी गेले" असे सांगू नये. शाळेत दुसरे मूल खरे बोलते आणि मग पोर आईवरही विश्वास ठेवीत नाही. त्याच्या वयाला समजेल इतके खरे आपणच सांगावे.

माझा पुतण्या जामिनावर सुटून आता गॅरेजात काम करतो, तारखेला हजर राहतो. खटला चालू आहे. त्याच्यानंतर आमच्या भागातल्या तीन घरच्या बायका माझ्याकडे आल्या, दोघी तर रात्री अंधार पडल्यावर, कोणी पाहू नये म्हणून. मी काही वकील नाही. मी त्यांच्याबरोबर गेले, रांगेत बसले, कागद एका पिशवीत लावून दिले आणि तारीख वहीत लिहिली. एवढ्याने त्यांचे निम्मे भय गेले.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्यांना सवड आहे अशा चारपाच जणींनी आपली नावे द्यावीत. अशा घरच्या बाईबरोबर पहिल्या खेपेला दोघींनी जावे. दुसरी, मंडळाच्या शिलकीतून थोडी रक्कम बसभाडे, झेरॉक्स आणि पोस्टाच्या खर्चासाठी वेगळी ठेवावी. हिशेब मी लिहीन. तिसरीला पैसा लागत नाही. त्या घरची बाई नळावर आली म्हणजे आपले बोलणे थांबवू नये, आणि मंडळाच्या कार्यक्रमाचे बोलावणे तिला इतरांसारखेच जावे. गुन्ह्याचा न्याय कोर्ट करील, शेजारधर्म मात्र आपणच पाळायचा आहे.

ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी ते चिटणीसबाईंकडे द्यावे. आणि ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी खुशाल माझ्या घरी यावे. दिवसा, उजेडी यावे.