कपाशीचे फूल आणि बाईचे नख

चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘फूल’ म्हणालो आणि ते हसले. संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा. आम्ही मजुरीवरच बोलणार आहोत. जरा धीर धरा.

नांदेडच्या जिनिंगमध्ये आमची उमेदीची वर्षे गेली. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. पण रुईचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकेक पेशी, हे चाळिशीनंतर एका शाळकरी पुस्तकात वाचले, तेव्हा आमची आम्हांलाच लाज वाटली.

कपाशीच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात नांदतात. मधोमध स्त्रीकेसर, त्याच्या तळाशी बीजांडकोश, शेंड्याला कुक्षी. भोवती पुंकेसरांची नळी. परागकण कुक्षीवर पडला की त्याला कोंबासारखी नळी फुटते आणि ती बीजांडापर्यंत उतरते. तिच्यातून दोन नरपेशी जातात: एकीमुळे गर्भ धरतो, दुसरीमुळे त्याची शिदोरी. ज्या बीजांडाला पराग लाभत नाही, ते पोचट राहते.

हे घरातल्या घरात उरकणारे लग्न मोडून बाहेरची सोयरीक जमवायची, म्हणजे संकर. १९७० साली सुरतेस सी. टी. पटेल यांचा ‘एच-४’ निघाला. पुढे आमच्या नांदेडच्या संशोधन केंद्राने ‘एनएचएच-४४’ दिला. लातूरकडे लावतात त्या सूर्यफुलाचे बरे आहे. त्यात पराग न धरणारे वाण मादी म्हणून लावतात, उरलेले काम मधमाशी करते. कपाशीला मात्र बहुधा बाईचे नखच लागते. दुपारनंतर उद्याची कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसह पुंकेसरांची नळी सोलायची, कुक्षीला ओरखडा न लावता. सकाळी दुसऱ्या वाणाचे फूल आणून पराग टेकवायचा, खुणेचा दोरा बांधायचा. असे फुलामागून फूल, हंगामभर.

एका बियाण्याच्या प्लॉटवर या कामाला निंदणीचाच रोज मिळत होता. एक बाई म्हणाल्या, “दादा, मशीनवाल्याला कारागीर म्हणता, मग आमाला रोजगारीन काहून?” मालकाचे म्हणणे, नखाने सोलायला शिकायचे काय? आम्ही स्वतः बसलो. तिसऱ्या कळीला कुक्षी तुटून हातात आली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्याच रात्री मागणीपत्रात ‘कुशल कामगार’ हे दोन शब्द घातले. दर अजून ठरलेला नाही.