परभाषेची निवड आणि वसईचा विद्यार्थी

विद्यापीठात परकीय भाषा निवडताना गुण कोणत्या भाषेत अधिक पडतात आणि नोकरी कोणती भाषा मिळवून देते, एवढेच बहुधा पाहिले जाते. अकरावीला फ्रेंच किंवा जर्मन घेतली जाते ती पुष्कळदा टक्केवारीसाठी, आणि बारावीनंतर ती वही पुन्हा उघडली जात नाही. नोकरीचा विचार मात्र गैर नव्हे. विरारच्या फुलपाड्यातून रोज लोकल पकडून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी शिक्षणाचा खर्च काटकसरीने भागवलेला असतो, आणि त्यातून अर्थार्जन व्हावे ही अपेक्षा रास्तच आहे. चूक होते ती अवघड आणि सोपे ठरवण्यात.

अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने केलेले भाषांचे वर्गीकरण जगभर प्रमाण मानले जाते. त्यात फ्रेंच वा पोर्तुगीज भाषेला सुमारे ६०० ते ७५० तास, तर जपानीला सुमारे २,२०० तास लागतात असे म्हटले आहे. परंतु हे माप इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहे. ‘गोहान ओ ताबेरु’ या जपानी वाक्यात आधी भात, मग कर्म दाखवणारा ‘ओ’ आणि शेवटी खाण्याचे क्रियापद येते. हा क्रम मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, आणि नामाच्या मागून प्रत्यय जोडण्याची सवयही त्याला उपजत असते. लिपीचे ओझे खरेच आहे, कारण नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजींची, म्हणजे चित्रलिपीतून आलेल्या अक्षरचिन्हांची, संख्या २,१३६ आहे. जर्मनमधील नपुंसकलिंग इंग्रजी भाषकाला चक्रावून टाकते, मराठी भाषकाला नाही. तिथल्या चार विभक्ती तर संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्याला प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी याच नावांनी समजावता येतात.

जपानीशी वसईचा संबंध आजचा नाही. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तिथे राहून भाषा शिकले, आणि पुढे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाल्यावर १५९३ मध्ये मनिलाहून जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळाचे दुभाषे झाले. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. वसईत त्यांचे स्मरण संत म्हणून होते आणि ते योग्यच आहे. दुभाषा म्हणूनही ते व्हायला हवे.

तरीही या तालुक्याचे स्वतःचे काम ज्या भाषेत पडून आहे, ती भाषा पोर्तुगीज होय. १५३४ ते १७३९, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, दोनशे पाच वर्षांचा येथील कारभार तिच्यात लिहिला गेला. पाव, साबण, पगार, लिलाव, नाताळ हे शब्द मराठीने तिच्याकडूनच घेतले. ‘चावी’ हा शब्द तर विशेष पाहण्याजोगा आहे. आज लिस्बनमध्ये त्याच्या मूळ शब्दाच्या आरंभी ‘श’ ऐकू येतो, पण सोळाव्या शतकात तिथेही ‘च’ होता, आणि पोर्तुगिजांनी मागे टाकलेला तो उच्चार मराठी घरांत टिकून राहिला. ब्राझील, अंगोला, मोझांबिक या देशांची ही राजभाषा असल्यामुळे ती शिकणाऱ्यास केवळ दप्तरखान्यात बसावे लागेल असेही नाही. गोवा विद्यापीठात तिचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबई विद्यापीठात फ्रेंच, जर्मन व रशियन यांचे विभाग आहेत तसा तिचाही भक्कम विभाग असावा, ही मागणी वसईतूनच जोराने व्हायला हवी.

त्या कारभाराची पोर्तुगीज कागदपत्रे वाचायला मराठी वाचकच का हवा, हे अंतोनियो नुनेस याने १५५४ मध्ये लिहिलेल्या वजनमापांच्या पुस्तकातून दिसते. वसईच्या नोंदीत तो ‘बाते’चा एक ‘मुरा’ म्हणजे तीन ‘कांदी’ असे सांगतो, आणि सडल्यावर त्यातून दीड कांदीहून थोडे अधिक तांदूळ निघतात अशी पुस्तीही जोडतो. पोर्तुगीज शब्दकोशात हे शब्द शोधणारा परदेशी अभ्यासक तळटिपांकडे वळतो. इथे भात म्हणजे शिजवलेले अन्न नव्हे तर टरफलासकट धान्य, हे जिने शेतावर ऐकले आहे, त्या विरार-वसईच्या मुलीला मात्र भात, मुडा आणि खंडी हे तिन्ही शब्द त्या ओळीत लगेच ऐकू येतील.