आजारी जिवांची सेवा आणि वियोगाचे दुःख



वर्धापनदिनी मांजरांवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आले. हसा, हरकत नाही. नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत लोकांनी टाकून दिलेली म्हातारी, आजारी मांजरे आम्ही काहीजण सांभाळतो. पिल्लू कुणीही नेतं. पण दात पडलेली भाटी, मूत्रपिंडं निकामी होत आलेला बोका कोण नेणार? ती आमच्याकडे येतात, आणि बहुतेक थोड्याच महिन्यांत जातात. आज बोलायचे ते या जाण्याविषयी.

"जगणारच नाही, मग एवढा खटाटोप कशाला?" असे लोक विचारतात. श्रावस्तीच्या तिस्स भिक्खूची कथा आपल्याला ठाऊक आहे. अंगभर फोड फुटले, शरीर कुजू लागले, तेव्हा सोबत्यांनी त्याला टाकले. भगवंतांनी स्वतः पाणी तापवले, त्याला आंघोळ घातली, त्याची चीवरे धुऊन वाळवून घेतली. आणि तिस्स त्यानंतर लगेच गेला. खुद्द तथागतांच्या सेवेनेही तो वाचला नाही! म्हणून ते गरम पाणी वाया गेलं असं आपण म्हणतो का? आमचा हिशेब तोच आहे. किती वाचली एवढंच मोजत बसलो तर दोन महिन्यांत काम बंद पडेल.

माणसाला खायला नाही तिथे मांजरांचं काय, हाही प्रश्न येतो, आणि तो आमच्याच वस्तीतून येतो. 1957 साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेच्या पुढे मैत्री ठेवली आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी.

लातूरकडे मात्र हा विषय काढताना जीभ चाचरते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ज्यांची माणसं माळवदाखाली गाडली गेली, त्यांच्यापुढे मांजराचं मरण काय सांगावं? पण आमच्यातल्या एक बाई त्याच भागातल्या आहेत. त्या म्हणतात, तोंडात पाणी घालून निरोप दिलेल्याचं दुःख वेगळं, आणि पाण्याचा थेंब न पाजता गेलेल्याचं वेगळं.

आता थोडं कामाचं. मांजराला माणसाची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही ते दगावतं. एक-दोन दिवस अन्न सोडलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. नवं आजारी मांजर पिल्लांत मिसळू नका. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जागेत वर्षभरही टिकतो, आणि लस न दिलेली पिल्लं पाठोपाठ जातात.

डॉक्टर म्हणतात, आता फक्त हाल आहेत, इंजेक्शन देऊन संपवू. तेव्हा पहिलं शील आडवं येतं. यावर आमच्यात दोन मतं आहेत आणि ती राहतील. काहीजण संमती देतात, काहीजण शेवटपर्यंत उशाशी बसतात. कुणी कुणाला पापी म्हणायचं नाही, एवढं ठरलंय.

आणखी एक ठरलंय. ज्याच्या मांडीवर मांजर गेलं, त्याला लगेच दुसरं द्यायचं नाही. महिनाभर त्यानं फक्त विहारात यावं, रडू आलं तर रडावं. कुणी अनित्यतेचं प्रवचन द्यायचं नाही. ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. एका घरात एका वेळी दोनच आजारी मांजरं, तिसऱ्याला नाही म्हणायचं. हे नाही म्हणणं सगळ्यात जड जातं.

म्हाताऱ्या मांजराच्या अंगात ऊब राहत नाही. घरात जुनी लुगडी, फाटक्या गोधड्या असतील तर विहाराच्या मागच्या खोलीत आणून द्या. धुऊन दिल्या तर बरं.

जयभीम!