पस्तिशीनंतरची परिचारिका

(लोणावळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मावळात पावसाळा लागला की अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांना दवाखाना दूर पडू लागतो. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई पुण्याच्या जवळ आली. परंतु डोंगरकुशीतील ठाकर-कातकरी वस्तीवरच्या बाळंतिणीला उपकेंद्र तितकेच जवळ आले, असे कोणी म्हणणार नाही. तिच्या दारात प्रथम पोचते ती आशा स्वयंसेविका. गरोदरपणाची नोंद, बाळाचे वजन, लसीकरणाची आठवण, क्षयाच्या रुग्णाची औषधे, रुग्णालयापर्यंतची सोबत ही सारी तिची कामे.

या आशेने परिचारिका व्हायचे ठरविले तर काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. साधारण एक हजार लोकवस्तीमागे एक आशा असावी, ती त्याच गावची रहिवासी असावी, विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असावी आणि तिचे वय प्राधान्याने २५ ते ४५ असावे, असे निवडीचे निकष ठरले. शिक्षणाची अट आठवीपर्यंतची होती. आता दुसरा नियम पाहा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार साहाय्यक परिचारिका प्रसाविका असो वा तीन वर्षांचा सामान्य परिचर्या अभ्यासक्रम असो, प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षे आहे. म्हणजे ज्या वयात शासन तिला आरोग्याच्या कामासाठी पात्र समजते, त्यातील शेवटची दहा वर्षे तिला आरोग्याच्या शिक्षणासाठी अपात्र ठरविणारी आहेत. तिसाव्या वर्षी नेमलेली आशा पाच वर्षांत अनुभवी होते, आणि नेमक्या त्याच वेळी दार बंद होते.

हे दार सर्वांनाच बंद आहे असेही नाही. सेवेतील साहाय्यक परिचारिकेला सामान्य परिचर्या अभ्यासक्रमासाठी वयाची अट नाही. अनुभव वयाची उणीव भरून काढतो, हे तत्त्व नियमानेच मान्य केलेले आहे. फक्त आशेचा अनुभव हा अनुभव म्हणून मोजला जात नाही, कारण ती कर्मचारी नसून ‘स्वयंसेविका’ आहे. शब्दांचा हा खेळ निरुपद्रवी नाही. वेतनाऐवजी कामागणिक मोबदला, निवृत्तिवेतनाचा अभाव आणि बढतीची बंद वाट, हे सारे त्या एका शब्दातून निघते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. पुढच्याच दोन वर्षांत महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. गौरवाने चूल पेटत नाही.

प्रौढ स्त्रीने परिचर्या शिकणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा अध्यक्षा रमाबाई रानडे यांचे स्वतःचे वय सत्तेचाळीस होते. गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने या संस्थेने विधवा आणि निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्या पुरुषाची शुश्रूषा, जातीचा विटाळ, रात्रपाळी या सर्वांविरुद्ध समाजाचा रोष होता. संस्थेने केवळ उपदेश केला असता तर एकही स्त्री त्या दारात उभी राहिली नसती. तिने प्राथमिक शिक्षणाचे वर्ग काढले, वसतिगृह चालविले, पाठीशी प्रतिष्ठा उभी केली. प्रौढ विद्यार्थिनीला धैर्याइतकीच व्यवस्थेची गरज असते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे शिकावयास गेल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरी संपत्ती होती. मावळातील स्त्रीच्या घरी ती नाही.

म्हणून प्रश्न वयाचा जितका, तितकाच अर्थकारणाचा आहे. मळवलीजवळच्या एखाद्या खेड्यातील चाळीस वर्षांची आशा डोळ्यांसमोर आणा. आशेचा मोबदला, भातलावणीची मजुरी आणि लोणावळ्यातील बंगल्यांची झाडलोट यांवर तिचे घर चालते. अठरा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे मुख्यतः शुल्क. या स्त्रीच्या बाबतीत शुल्क हा खर्चाचा लहान भाग होय. मोठा भाग म्हणजे तीन वर्षे बुडणारी कमाई. शुल्क माफ केले तरी हा खड्डा बुजत नाही.

इंग्लंडचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे ऑगस्ट २०१७ पासून नव्या परिचर्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद करून त्यांना कर्जावर सोडण्यात आले. अर्जांत मोठी घट झाली, आणि ती विशेषतः प्रौढ वयाच्या उमेदवारांत झाली. २०२० साली सरकारला वार्षिक पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. आधार काढला की प्रथम गळतात ते संसाराचे ओझे असलेले.

आक्षेप घेतला जातो की उशिरा शिकणाऱ्यावर केलेला सरकारी खर्च वसूल होत नाही. हिशेब मांडून पाहू. चाळीसाव्या वर्षी प्रवेश, त्रेचाळिसाव्या वर्षी पदविका, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. म्हणजे पंधरा वर्षांची सेवा, आणि तीही आपल्याच खोऱ्यात, कारण तिचे घर, शेत, मुले येथेच आहेत. तरुण परिचारिका आखाती देशांत किंवा युरोपात जाते. तिला दोष देण्याचे कारण नाही. परंतु वीस वर्षांच्या सेवेची आशा दाखवून तिसऱ्या वर्षी देश सोडणारी आणि पंधरा वर्षे नाणे मावळात राहणारी, यांत समाजाला लाभ कोणापासून अधिक, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. १९४६ साली भोर समितीने त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याची नोंद केली होती. तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली, पण शहरातील सुधारणा डोंगर चढून आपोआप वर जात नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पाच वर्षे काम केलेल्या आशेला साहाय्यक परिचारिकेप्रमाणेच वयाच्या अटीतून सूट द्यावी. तिच्यासाठी शासकीय परिचर्या विद्यालयांत जागा राखून ठेवाव्यात. शिक्षणकाळात निदान बुडालेल्या कमाईइतके विद्यावेतन द्यावे आणि विद्यालयाला जोडून पाळणाघर असावे. मुक्त विद्यालयाची बारावी प्रवेशास ग्राह्य आहे. त्या परीक्षेची तयारी करून घेणारे संध्याकाळचे वर्ग मात्र सरकारी आदेशाची वाट न पाहता कार्यकर्त्यांनाच सुरू करता येतील. कामशेत, वडगाव, तळेगाव ही लोकलच्या मार्गावरील गावे त्यासाठी सोयीची आहेत. इंग्रजी आणि विज्ञान शिकविणारा एक शिक्षक, एक खोली आणि चिकाटी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

वर्ग भरला आणि बारावी झालेल्या दहा स्त्रिया वयाच्या अटीपुढे अडल्या, की मागणीला चेहरा येईल. निवेदने फायलीत पडून राहतात; दारात उभी राहिलेली पात्र स्त्री तशी ठेवता येत नाही. तो वर्ग या पावसाळ्यातच सुरू व्हावा.