तंजावरला मुक्काम करायचा तर

(आषाढी एकादशीच्या कार्यक्रमात मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या हिवाळी सहलीचा कागद तुम्हा सगळ्यांच्या हातात आहे. नऊ दिवस, सात गावे, एक बस. त्यात तंजावरच्या वाट्याला दीड तास आला आहे. सकाळी मदुराईहून निघायचे, दुपारी बृहदीश्वर बघायचा आणि रात्री पाँडिचेरी गाठायची. सहल समितीने मेहनत केली आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण भर दुपारी तंजावरला पोहोचणे म्हणजे काय, ते आधी ऐका. साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद होतो तो चार वाजेपर्यंत उघडत नाही. चपला बाहेर ठेवायच्या आणि आवार सगळे दगडी. जानेवारीतसुद्धा तो दगड तापतो. म्हणजे आपली मंडळी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत कळस बघणार, फोटो काढणार आणि बसमध्ये येऊन बसणार.

माझे म्हणणे असे : ज्यांना सात गावे करायची आहेत त्यांनी जरूर करावीत. पण आपल्यातल्या दहा-बारा जणांनी वेगळे निघावे, फक्त तंजावरला जावे, एखादे शांत गेस्ट हाऊस घ्यावे आणि तिथे चार रात्री राहावे. मी दोनदा राहून आले आहे, म्हणून सांगते.

आपल्यापैकी काही घरे नागपूरच्या टूरबरोबर थायलंडला जाऊन आली. बँकॉकपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर अयुथ्थाया आहे. अयोध्येवरून नाव घेतलेली ही सयामची जुनी राजधानी, चौदाव्या शतकात वसली आणि १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. तिथे बहुतेक बस सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. नदीकाठच्या एखाद्या लहान गेस्ट हाऊसमध्ये जो रात्री थांबतो, त्यालाच ते पडके स्तूप सकाळच्या उन्हात, गर्दी नसताना बघायला मिळतात. जुने शहर असेच असते, तिथे झोपावे लागते. तंजावरचा हिशेब तोच आहे. फरक एवढाच, की अयुथ्थायात आपण पाहुणे असतो आणि तंजावरच्या घरात दोन खोल्या आपल्या माणसांच्या आहेत.

त्या कशा, ते थोडक्यात सांगते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी १६७६ च्या सुमारास तिथे गादी स्थापली. शेवटचे राजे पुरुष वारस नसताना १८५५ मध्ये वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. आता आपल्याकडचे आठवा. हा वैनगंगेकाठचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात असेच वारस नसताना गेले आणि नागपूरही खालसा झाले. दोन भोसले घराणी, कुळशाखा वेगळ्या, मधे हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि दोघांची राज्ये दोन वर्षांच्या आत एकाच कारणाने बुडाली. त्याच्याही आधी, १७४० मध्ये, नागपूरचे पहिले रघूजी कर्नाटकच्या मोहिमेवर गेले. दामलचेरीच्या घाटात नवाब दोस्त अली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला. तंजावरचे प्रतापसिंह त्याच चंदासाहेबामुळे हैराण होते. म्हणजे आपला राजा त्यांच्या मदतीला जाऊन आलेला आहे. आपण एवढी वर्षे गेलो नाही इतकेच.

बृहदीश्वराचे देऊळ पहिल्या राजराज चोळाचे, १०१० चे. त्याबद्दल गाइड सांगेलच, आणि छान सांगेल. गाइड सहसा घाईत ओलांडतो तो कोपरा मी सांगते. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भागात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजींनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. अक्षर देवनागरी, भाषा जुनी, वाक्य सुरू झाले की संपायचे नाव घेत नाही. जवळच गणपतीचे देऊळ आहे, तेही मराठा काळातले. सकाळी साडेसहाला तिथे गेलात तर दगड गार असतो, कोणी घाई करत नाही आणि बोट न लावता, नुसत्या डोळ्यांनी, एक-एक ओळ लावता येते. मी एका सकाळी सात-आठ ओळी लावल्या. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या सातातल्या तीन ओळींचा अर्थ बदलला! या कामाला दीड तास पुरत नाही.

दुसरी जागा म्हणजे राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय. मूळ संग्रह नायक राजांचा. सरफोजींनी तो असा वाढवला की आज तिथे मराठीतलीच हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल वेगळे. १९१८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. साधारण प्रवाशाला त्यातले संग्रहालय बघता येते. आतले कागद बघायचे तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते. सरफोजींनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापनीती मराठीत छापली. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाईने मूळ धरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नाटकाचेही तसेच. विष्णुदास भाव्यांचे सांगलीतले नाटक १८४३ चे, आणि तंजावरचे शहाजीराजे, व्यंकोजींचे चिरंजीव, सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहीत होते. आपल्या मंडळात दरवर्षी गणपतीत नाटक बसवताना पात्रे मिळत नाहीत म्हणून कुरकुर होते, तेव्हा हे आठवावे.

मोडीबद्दल जरा थांबून सांगते. आपल्यातल्या तीन-चार घरांत तरी आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत, मी पाहिले आहेत. ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मराठा काळातल्या मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत. म्हणजे तिथला तमिळ अभ्यासक आपले मोडी वाचतो आणि आपण आपल्या पणजोबांची सही ओळखत नाही. ज्यांच्याकडे कागद असतील त्यांनी मूळ कागद घरीच ठेवावेत आणि चांगले फोटो काढून बरोबर घ्यावेत. कोणाला दाखवता आले तर आले.

आता माणसे. तमिळमध्ये तिथल्या मराठी मंडळींना 'रायर' म्हणतात, म्हणजे आपले 'राव'. इंदूरचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच मंडळींपैकी, जन्म कुंभकोणमचा. पहिल्या खेपेला देवळाच्या ओवरीत मी आणि माझी वहिनी बोलत बसलो होतो. पांढरे वेष्टी नेसलेले एक आजोबा बराच वेळ ऐकत होते, मग जवळ येऊन बसले आणि बोलू लागले. शब्द मराठी, हेल तमिळ, मधेच एखादे रूप असे की फक्त जुन्या पोथीत वाचलेले. पहिली पाच मिनिटे आम्हाला निम्मेच कळत होते आणि त्यांनाही आमचे निम्मेच. कारण आमच्या बोलण्यात हिंदी किती आहे ते त्यांनीच दाखवून दिले. "मतलब" म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. त्यांच्या घरी ते आणि त्यांची बहीण एवढेच आता मराठी बोलतात. मुलगे चेन्नईला, सुना तमिळ, नातवंडे इंग्रजी.

हे ऐकताना मला आपली घरे दिसत होती. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. नागपूर आपली राजधानी होती, ती पलीकडची झाली. त्याला सत्तर वर्षे होत आली आणि आज आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. तंजावरकरांची साडेतीनशे वर्षे झाली. त्यांनी काय टिकवले आणि काय सुटले, हे बघायला त्यांच्याच दारात जावे लागेल. टिकले ते कधी कधी दुसऱ्याच्या घरात टिकले आहे. मराठी कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या तमिळ हरिकथेत गातात. उडदाच्या पिठाचे दह्यातले डांगर तमिळ घरांत 'डांगर पच्चडी' म्हणून पानात वाढतात. सांबाराची आणि संभाजीराजांची गोष्ट मात्र आख्यायिका समजूनच ऐकावी. तिथे ती प्रत्येक जण नव्या तपशिलांसह सांगतो.

बरे, आता व्यवहाराचे बोलू. कधी जायचे? ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस. डिसेंबरच्या मध्यापासून त्यांचा मार्गळी महिना, तेव्हा देवळांचे कर्णे पहाटे साडेचारला सुरू होतात. भक्ती म्हणून उत्तम, झोप म्हणून नाही. मग पोंगल, आणि पोंगलला तमिळनाडूतल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून पोंगल उलटून आठवडा गेला की निघावे. तेरा किलोमीटरवर तिरुवैयारूला पौष वद्य पंचमीला त्यागराजांची आराधना असते, त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत. संगीताचा शौक असेल तर मुद्दाम तेव्हा जावे, नसेल तर तारीख बघून टाळावे. दहावी-बारावीच्या मुलांना सोडून द्या. धाकट्यांची आठवड्याची शाळा बुडाली तर माझी हरकत नाही, त्यांच्या आयांची असेल.

गेस्ट हाऊस ठरवताना संगणकावरचे फोटो बघून भुलू नका, फोन करा. पहिला प्रश्न : शेजारी कल्याण मंडपम् आहे का? तो पोंगलनंतरचा तै महिना त्यांचा लग्नसराईचा असतो आणि मुहूर्त पहाटेचे असतात. नादस्वरम् ऐकायला गोड, पण उशीच्या चार हातांवर नको. दुसरा प्रश्न : खोलीची खिडकी बस स्टँडच्या रस्त्यावर उघडते की मागे? तिसरा : तळमजल्यावर किती खोल्या आणि संडास कोणत्या पद्धतीचा? चौथा : रात्री दहीभात मिळेल का? स्टेशन आणि मोठे देऊळ यांच्यामधून कालवा जातो, त्याला पुदु आरु म्हणतात. त्या बाजूला राहिलात तर देवळाला चालत जाता येते आणि स्टेशनही जवळ पडते. राजवाडा तिथून पुढे आहे, त्याला रिक्षा करावी. सहा खोल्यांचे छोटे घर पूर्ण घेतले तर उत्तम, संध्याकाळी ओसरीवर आपलीच बैठक जमते.

गाडीचे असे. नागपूरहून चेन्नई सोळा-अठरा तास. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी चेन्नईत एक दिवस थांबावे, त्याच दिवशी पुढे धावू नये. तिथून उळवन एक्स्प्रेस रात्री निघून पहाटे तंजावरला सोडते. ती एग्मोरहून सुटते की तांबरमहून, हे तिकिटावर नीट वाचा. तिकडे स्टेशनचे काम चालले असल्याने गाड्या हलवतात. आपण उतरतो ते सेंट्रल वेगळे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणजे जानेवारीअखेरच्या गाडीला नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी आठ वाजता कोणीतरी जागे पाहिजे.

चार दिवस कसे घालवायचे ते मी बांधून देत नाही. फक्त ग्रंथालयाची साप्ताहिक सुटी बुधवारी असते ती विचारून खात्री करून घ्या, आणि एक सकाळ रिकामी ठेवा. जुन्या किल्ल्यातल्या चार राज वीथ्या पायी फिरा. मेल म्हणजे पश्चिम, कीळ म्हणजे पूर्व. तिथल्या लहान देवळांपैकी बरीच मराठा काळातली आहेत. मोठ्या देवळासह अठ्ठ्याऐंशी देवळांचे विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे. कुंभकोणमला चाळीस किलोमीटर, जायचेच तर एक दिवस जा, कॉफी प्या, संध्याकाळी परत या. मुक्काम हलवू नका.

ज्यांना यायचे आहे त्यांनी दसऱ्यापर्यंत खजिनदारांकडे नाव द्यावे. तळमजल्याच्या खोल्या साठी ओलांडलेल्यांना, तरुणांनी जिना चढावा. नातवंड बरोबर आणणाऱ्यांचे नाव यादीत आधी लागेल, हे मी अध्यक्षांना न विचारताच जाहीर करते आहे.