अंगाप्रमाणे परकर
(वर्धापनदिनी शिवणवर्गातर्फे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठे भाषण मला यायचे नाही. पण कात्री हातात धरून बरीच वर्षे झाली. त्यातलेच थोडे सांगते.

परकर आत असतो म्हणून आपण त्याची हेळसांड करतो. तयार परकर आणायचा, नेफ्यात नाडी ओवायची आणि करकचून आवळायची. रात्री कमरेवर वळ दिसतो, तो कोणी मनावर घेत नाही. २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकिकत प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी लुगडे घट्ट आवळणारी. वर्षानुवर्षांच्या घासण्याने कातडीला जखम झाली आणि पुढे तिथे कर्करोग झाला. एकीची कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. असे क्वचितच घडते, घाबरू नका. पण न भरणारी जखम अंगावर काढू नका.

तयार परकर ठरावीक मापांचा. आपली अंगे मात्र निरनिराळी. म्हणून सहा कळ्यांचा परकर, नाडीऐवजी दोन इंच रुंद पट्टा आणि हूक लावून, आपल्या मापाने बेतावा.

कंबरेचे माप जेवण झाल्यावर, मांडी घालून बसून घ्यावे. उभ्याने घेतलेले माप बसल्यावर काचते. सीटचे माप सर्वांत भरलेल्या जागी घ्यावे. धरा, कंबर ३६ आणि सीट ४२. सीटमध्ये सैलपणाचे ३ मिळवले की ४५. सहाने भागले, साडेसात. कंबरेचे सहा. दोन्हींत शिवणीची माया १ इंच धरली की कळी वर ७ इंच, तिथून ८ इंच खाली, सीटजवळ, साडेआठ. खाली १३ ठेवली तर शिवून घेर ७२ इंच होतो. डावीकडच्या शिवणीत ८ इंच उघडे ठेवावे, म्हणजे परकर सहज चढतो.

आता उंची. कमरेला दोरा बांधून जमिनीपर्यंत पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळी मोजावी. पोट असलेल्या बाईची पुढची उंची जास्त भरते, सीट भरलेली असेल तर मागची. एखादीची एक बाजू उंच असते. परकर पुढून वर उचलला जातो तो यामुळेच. हा फरक कळीच्या वरच्या टोकाला द्यावा आणि बाजूच्या कळ्यांवर तिरपा मिळवत न्यावा. खालची कड सारखीच राहते. प्रत्येक उंचीतून पट्ट्याचे २ इंच आणि जमिनीपासून जेवढा वर हवा तेवढे वजा करावे. शिवणीची व मुडपण्याची माया मिळवावी.

आधी जुन्या वर्तमानपत्रावर कापावे. कापडावर कळ्या उलटसुलट मांडाव्या, कापड वाचते.

आपल्या वर्गात पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण असलेली एक भगिनी आहे. नाडी नेमकी व्रणावर येई, म्हणून ती साडी नेसायचीच सोडून बसली होती. असा परकर शिवल्यापासून ती पुन्हा साडी नेसून येते. आजही ती इथे बसली आहे.

आपले पोट सुटले म्हणून कोणी लाजू नये. टेप घेऊन वर्गात यावे. एकमेकींची मापे आपण घेऊ.